जुनी पेन्शन, सुधारित योजना आणि यूपीएस: महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी व निवृत्तांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेन्शनच्या बाबतीत तुमचा हुद्दा, पगार आणि नोकरीची वर्षं यांच्याआधी एक गोष्ट पाहिली जाते, ती म्हणजे तारीख. जाहिरातीची, रुजू झाल्याची, निवृत्तीची. खालची बहुतेक उत्तरं फिरून फिरून तारखेवरच येतात, म्हणून वाचायला बसताना सेवापुस्तकाची झेरॉक्स जवळ ठेवलेली बरी.

जुनी पेन्शन देणारा किंवा काढून घेणारा "कायदा" नेमका कुठला?

विधिमंडळात मंजूर झालेला असा कायदा महाराष्ट्रात नाही, आणि बऱ्याच गैरसमजांचं मूळ इथेच आहे. राज्याच्या तिजोरीतून द्यायच्या पेन्शनचा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीत, ४२व्या नोंदीत येतो. म्हणजे अधिकार राज्याचा. हा अधिकार राज्याने अनुच्छेद ३०९च्या परंतुकाखाली नियम करून वापरला. तेच महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२. या नियमांनुसार मिळते तीच जुनी पेन्शन. ते १५ ऑगस्ट १९८२ पासून लागू आहेत.

पुढे ३१ ऑक्टोबर २००५च्या शासन निर्णयाने, म्हणजे जीआरने, १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नेमलेल्यांना या नियमांतून बाहेर काढलं आणि त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना, म्हणजे डीसीपीएस, आणली. तिचं पुढे एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, रूपांतर झालं. एनपीएसला मात्र संसदेचा कायदा आहे: पीएफआरडीए (निवृत्तिवेतन निधीची नियामक संस्था) अधिनियम, २०१३.

थोडक्यात, जुनी पेन्शन राज्याच्या नियमावर चालते आणि नवी केंद्रीय कायद्याखालच्या खात्यावर. "कायदा करा" अशी मागणी सभेत टाळ्या मिळवते. प्रत्यक्षात २००५ पासूनचा प्रत्येक बदल, चांगला असो वा वाईट, वित्त विभागाच्या जीआरने झाला आहे. जीआर एका मंत्रिमंडळ बैठकीत निघतो आणि तितक्याच सहज बदलतोही.

मला कुठली योजना लागू आहे हे कसं ओळखायचं?

पगारपत्रक काढा. भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे जीपीएफची, वर्गणी कापली जात असेल तर तुम्ही १९८२च्या नियमांत आहात. मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्के कपात होऊन ती प्राण, म्हणजे एनपीएस खात्याच्या, क्रमांकावर जमा होत असेल तर एनपीएसमध्ये. सरकारचा हिस्सा सुरुवातीला १० टक्के होता, १ एप्रिल २०१९ पासून तो १४ टक्के झाला.

दोन्ही कपाती दिसत नसतील किंवा दोन्ही दिसत असतील तर आस्थापना शाखेत आजच जा. निवृत्तीच्या वर्षी हे उघडकीला आलं की निस्तरायला महिने जातात.

माझी जाहिरात २००५च्या आधीची, पण रुजू झालो नंतर. मला जुनी पेन्शन मिळते का?

याचसाठी २ फेब्रुवारी २०२४चा जीआर आहे. पदाची जाहिरात किंवा भरतीची अधिसूचना १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली आणि नियुक्ती त्यानंतर झाली, अशांना १९८२चे नियम स्वीकारण्याचा एकदाच वापरता येणारा पर्याय दिला गेला. मुदत सहा महिन्यांची होती. मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२४ रोजी हा निर्णय घेतला तेव्हा सुमारे २६ हजार जणांना लाभ होईल असं सांगण्यात आलं होतं. केंद्राने असाच पर्याय ३ मार्च २०२३च्या आदेशाने दिला होता, तिथे कट-ऑफ तारीख २२ डिसेंबर २००३ होती.

ज्यांनी पर्याय दिला त्यांनी पुढचं तपासावं. एनपीएस खातं बंद होऊन तुमचा हिस्सा व्याजासह जीपीएफ खात्यात आला का? शासनाचा हिस्सा आणि त्यावरचा लाभ राज्याच्या एकत्रित निधीत परत जातो, तो तुमचा नाही. जीपीएफ खाते क्रमांक मिळाला, पण प्राणमधली रक्कम वर्ग झाली नाही, हा अर्धवट प्रकार नेहमी दिसतो. तसं असेल तर आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडून, म्हणजे पगारबिल काढणाऱ्या अधिकाऱ्याकडून, वर्ग केल्याचं चलन लेखी मागा.

जाहिरातीचा पुरावा म्हणून वर्तमानपत्राचं कात्रण चालतं, पण नियुक्ती आदेशातच जाहिरात क्रमांक आणि तारीख असेल तर काम चुटकीसरशी होतं.

आधी एका खात्यात होतो, मग दुसऱ्या खात्यात लागलो. आधीची सेवा धरतात का?

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी पेन्शनपात्र सेवेत होतात आणि नंतर नवीन पदावर गेलात, तर सगळं एका कागदावर अडतं: तांत्रिक राजीनामा. दुसऱ्या पदासाठी अर्ज कार्यालयामार्फत केला होता का, आणि राजीनामा "नवीन नियुक्ती स्वीकारण्यासाठी" म्हणून मंजूर झाला का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर सेवा जोडली जाते. परस्पर अर्ज करून साधा राजीनामा दिला असेल तर आधीची सेवा गेली असंच समजून चाला. मंजुरीच्या आदेशात "तांत्रिक" हा शब्द नसेल तर त्या कार्यालयाकडून शुद्धिपत्रक मिळवायचा प्रयत्न करा, आणि तो नोकरीत असतानाच करा.

अनुदानित शाळेतल्या शिक्षकांचं काय?

इथे नियुक्तीच्या तारखेसोबत शाळेची तारीखही पाहतात. शिक्षक १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमलेले असले, तरी त्या दिवशी शाळा किंवा तुकडी शंभर टक्के अनुदानावर होती का, हा निकष शासनाने लावला. शाळा तेव्हा विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित होती म्हणून हजारो जण बाहेर राहिले आणि वाद न्यायालयात गेला. आमच्या मते हा निकष अन्यायकारक आहे, कारण अनुदानाचा टप्पा शिक्षकाच्या हातात कधीच नव्हता. पण आज हिशेब करताना तोच धरावा लागतो. वैयक्तिक मान्यतेचा आदेश आणि शाळेचे टप्पेवार अनुदान आदेश, दोन्ही जपून ठेवा.

मार्च २०२३च्या संपातून काय हाती लागलं?

"एकच मिशन, जुनी पेन्शन" म्हणत १४ मार्च २०२३ रोजी सुरू झालेला संप २० मार्चला मागे घेतला गेला. जुनी पेन्शन जशीच्या तशी मिळाली नाही. तीन गोष्टी मात्र मिळाल्या.

पहिली लगेच आली. ३१ मार्च २०२३च्या जीआरने एनपीएसमधल्या कर्मचाऱ्याचा सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंबाला कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी), आणि असाध्य आजाराने सेवा सोडावी लागल्यास रुग्णता निवृत्तिवेतन लागू झालं. त्याआधी अशा घरांच्या वाट्याला प्राण खात्यातली तुटपुंजी शिल्लक येत होती, तेव्हा ही सर्वात मोलाची सुधारणा. तिची चर्चा सर्वात कमी झाली.

दुसरी म्हणजे वर सांगितलेला जाहिरातीच्या तारखेचा पर्याय. तिसरी, सुबोध कुमार समितीच्या अहवालावरून आलेली सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी १ मार्च २०२४ रोजी विधिमंडळात ती जाहीर केली आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी तिचा सविस्तर जीआर निघाला.

सुधारित योजनेत शेवटच्या पगाराच्या ५० टक्के मिळतात. मग ती जुनी पेन्शनच नाही का?

नाही. आकडा सारखा दिसतो, पण पैसा कुठून येतो ते वेगळं आहे.

जुन्या पेन्शनमध्ये तुमच्या पगारातून पेन्शनसाठी एक रुपयाही कापत नाहीत. जीपीएफची कपात ही तुमची बचत असते, व्याजासह परत मिळते. सुधारित योजनेत १० टक्के कपात निवृत्तीपर्यंत चालूच राहते. निवृत्तीनंतर ५० टक्के अधिक महागाई वाढ, आणि कुटुंबाला त्याच्या ६० टक्के अधिक महागाई वाढ, ही हमी आहे. पण तुमच्या खात्यातल्या निधीतून घेतलेल्या वार्षिकीचं (एकरकमी पैसे भरून घेतलेल्या नियमित उत्पन्नाच्या योजनेचं) उत्पन्न या हमीतच धरलं जातं. शासन देतं ते उरलेला फरक.

तरी साध्या एनपीएसपेक्षा हे किती बरं, ते हिशेबाने पाहा. समजा निवृत्तीला खात्यात २० लाख जमले. एनपीएसच्या नियमाने किमान ४० टक्के, म्हणजे ८ लाखांची वार्षिकी घ्यावी लागते. ६ टक्के दराने वर्षाला ४८ हजार, महिन्याला ४ हजार. महागाई वाढ शून्य, दहा वर्षांनीही ४ हजारच. शेवटचं मूळ वेतन ६० हजार असेल तर हमीची रक्कम ३० हजार आणि त्यावर महागाई वाढ. संप कशासाठी झाला, ते या दोन आकड्यांत दिसतं.

यूपीएस कुणासाठी? तिचा हिशेब कसा करतात?

यूपीएस, म्हणजे एकीकृत निवृत्तिवेतन योजना, केंद्र सरकारची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी ती मंजूर केली, २४ जानेवारी २०२५ रोजी अधिसूचना निघाली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती चालू झाली. रेल्वे, टपाल, आयकर, केंद्राची कार्यालयं इथल्या एनपीएसधारकांना ती पर्याय म्हणून मिळाली. पर्यायाची मुदत आधी ३० जून, मग ३० सप्टेंबर आणि शेवटी ३० नोव्हेंबर २०२५ अशी वाढत गेली.

हिशेब असा. शेवटच्या १२ महिन्यांच्या मूळ वेतनाची सरासरी काढायची आणि तिच्या निम्मे घ्यायचे. पूर्ण रकमेसाठी २५ वर्षं, म्हणजे ३०० महिने सेवा लागते. कमी असेल तर त्या प्रमाणात. सरासरी ६० हजार आणि सेवा २० वर्षं असेल तर ३०,००० गुणिले २४० भागिले ३००, म्हणजे २४,००० रुपये, त्यावर महागाई सवलत वेगळी. किमान १० वर्षं सेवा असेल तर महिना १०,००० रुपयांची हमी.

शिवाय एकरकमी रक्कम आहे. प्रत्येक पूर्ण सहामाहीला मूळ वेतन व महागाई भत्त्याचा दहावा हिस्सा. २० वर्षांत ४० सहामाही. भत्ता ५८ टक्के धरला तर मासिक रक्कम ९४,८००, तिचा दहावा हिस्सा ९,४८०, गुणिले ४०, म्हणजे ३,७९,२०० रुपये.

तीन ठिकाणी लोक चुकतात. निवृत्तीच्या वेळी खात्यातून ६० टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते, पण जितका हिस्सा काढाल तितकी मासिक रक्कम कायमची घटते. २५ वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तर पैसे त्या दिवसापासून सुरू होत नाहीत, नियत वयोमानाच्या तारखेपासून होतात. आणि कुटुंबाचा ६० टक्के लाभ फक्त निवृत्तीच्या दिवशी असलेल्या पती किंवा पत्नीला मिळतो. जुन्या पेन्शनमध्ये अपत्यांना, अटींसह अविवाहित किंवा विधवा मुलीला, दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. घरात दिव्यांग मूल असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांच्या आधी तोलायला हवा.

यूपीएस घेतलेल्यांना एकदा एनपीएसमध्ये परत जाता येतं, पण नियत वयोमानाच्या किमान एक वर्ष आधी किंवा स्वेच्छानिवृत्तीच्या तीन महिने आधी.

राजस्थान, हिमाचलने जुनी पेन्शन परत आणली. महाराष्ट्र का आणत नाही?

अधिकाराची अडचण नाही, राज्यसूचीमुळे राज्याला मोकळीक आहे. पश्चिम बंगाल तर एनपीएसमध्ये गेलाच नाही. अडचण पैशाची, आणि ती दोन बाजूंनी.

एक म्हणजे एनपीएसमध्ये साठलेला निधी. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब, हिमाचल यांनी तो परत मागितला तेव्हा, पीएफआरडीए कायद्यात कर्मचाऱ्याची आणि सरकारची जमा रक्कम राज्याला परत करण्याची तरतूद नाही, असं केंद्राने सांगितलं. म्हणजे राज्याने पेन्शन द्यायची आणि निधी खात्यातच पडून राहायचा. ही दुरुस्ती संसदेलाच करावी लागेल. जुन्या पेन्शनसाठी खऱ्या अर्थाने विधेयक लागतं ते इथे.

दुसरी बाजू पुढच्या वीस-तीस वर्षांची. २००५ नंतरचे लोक मोठ्या संख्येने निवृत्त व्हायचे आहेत. आज जुनी पेन्शन जाहीर करणं सरकारला स्वस्त पडतं, १४ टक्के हिस्सा वाचतो. बिल पुढच्या सरकारांच्या दारात येतं. संघटनांनी हा प्रश्न टाळू नये, असं आमचं मत.

आमच्या आमदारांनी पेन्शनवर अशासकीय (मंत्री नसलेल्या सदस्याचं) विधेयक मांडलं. ते मंजूर होईल?

शक्यता जवळपास नाही. एकत्रित निधीतून खर्च होणार असेल तर अनुच्छेद २०७(३) नुसार राज्यपालांची शिफारस असल्याशिवाय सभागृहाला विधेयक मंजूर करता येत नाही, आणि ती शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने येते. संसदेतही आजवर जेमतेम १४ अशासकीय विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० साली.

म्हणून आमदारांकडे विधेयकाऐवजी तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि अर्थसंकल्पी अधिवेशनात कपात सूचना मागा. त्यावर मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं आणि ते कामकाजात नोंदलं जातं. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आणि पदवीधरांचे सात मतदारसंघ आहेत, या प्रश्नावरचा दबाव बराचसा तिथूनच येतो. निवेदन देताना जीआर क्रमांक, बाधितांची संख्या आणि हवी असलेली दुरुस्ती एका पानात द्या. दहा पानी निवेदन कुणी वाचत नाही.

जाता जाता, माजी आमदारांची पेन्शन विधिमंडळाने मंजूर केलेल्या कायद्याने ठरते. २०१६च्या सुधारणेने ती ५० हजारांवर गेली. कपात नाही, अंशदान नाही.

वित्त अधिनियम, २०२५ मुळे जुन्या निवृत्तांची वाढ थांबणार का?

मार्च २०२५ मध्ये संसदेने वित्त विधेयकासोबत केंद्रीय पेन्शन नियमांना वैधता देणारा भाग मंजूर केला, तोही १ जून १९७२ पासून. निवृत्तिधारकांत वर्गवारी करण्याचा आणि त्यासाठी निवृत्तीची तारीख आधार धरण्याचा अधिकार केंद्राला आहे, असं त्यात म्हटलं आहे.

घबराट साहजिक होती. १७ डिसेंबर १९८२च्या नाकरा निकालात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांची दोन गटांत फाळणी करायला नकार दिला होता, आणि १७ डिसेंबर हा दिवस आजही पेन्शनर्स दिन म्हणून पाळतात. अर्थमंत्र्यांनी राज्यसभेत या तरतुदीने सध्याच्या नागरी पेन्शनमध्ये बदल होत नाही असं सांगितलं. तरी आठव्या वेतन आयोगाच्या वेळी हे हत्यार केंद्राच्या हातात असेल हे खरं. महाराष्ट्राच्या निवृत्तांना हा भाग थेट लागू नाही. पण वेतन आयोगात राज्य केंद्राच्या मागे चालतं, म्हणून लक्ष असावं.

आठव्या वेतन आयोगाचं काय?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी कार्यकक्षा मंजूर केली. अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई, अहवालाला १८ महिने. कार्यकक्षेत "अंशदान नसलेल्या पेन्शन योजनांचा निधीविना खर्च" विचारात घ्या असा उल्लेख आहे, निवृत्तांच्या संघटनांचा आक्षेप त्यावर आहे. राज्यात सातवा आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला, पण प्रत्यक्ष पगारात यायला २०१९ उजाडलं. थकबाकी पाच हप्त्यांत आली. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फिटमेंटच्या (जुन्या पगाराला गुणून नवा पगार काढायच्या आकड्याच्या) तक्त्यांवर घराचं कर्ज काढू नका.

पेन्शन विकली तर १५ वर्षं कपात. ती १२ का करत नाहीत?

अंशराशीकरणाबद्दलची, म्हणजे पेन्शनचा काही भाग सोडून त्याबदल्यात एकरकमी रक्कम घेण्याबद्दलची, ही मागणी जुनी आहे. पाचव्या वेतन आयोगानेही १२ वर्षं सुचवली होती. १५ वर्षांनी पूर्ण पेन्शन परत मिळते, हेसुद्धा कॉमन कॉज प्रकरणातल्या १९८६च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पक्कं झालं.

आकडे मांडू. मूळ पेन्शन ३०,०००. त्यातले कमाल ४० टक्के, म्हणजे १२,००० विकले. ५८व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचा गुणक ८.३७१. बारा हजार गुणिले १२ गुणिले ८.३७१, हातात १२,०५,४२४ रुपये. दरमहा १२,००० प्रमाणे १५ वर्षांत २१,६०,००० कापले जातात. महागाई वाढ मात्र विकण्यापूर्वीच्या पूर्ण ३०,००० वरच मिळते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

"पैसे अकरा वर्षांत फिटतात" हे विधान सरसकट खरं नाही. ही रक्कम कर्ज समजली तर ७ टक्के व्याजाने ती साधारण १२ वर्षं ८ महिन्यांत फिटते, ८ टक्क्यांनी जवळपास १४ वर्षांत. शिवाय मध्येच मृत्यू झाला तर उरलेली रक्कम कुटुंबाकडून वसूल होत नाही, त्या जोखमीचीही किंमत आहे. मागणी रास्त आहे, पण ती व्याजदराच्या आधारे मांडली तर टिकेल.

पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, अंशराशीकरणाची तारीख लिहिलेली असते. त्यात १५ वर्षं मिळवून येणारी तारीख घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या, आणि तो महिना आला की कोषागारातून कपात थांबली का ते पासबुकात पाहा.

८० वर्षांनंतर किती वाढ मिळते?

८० पूर्ण झाल्यावर २० टक्के, ८५ला ३०, ९०ला ४०, ९५ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. केंद्रात हे आधीपासून होतं, राज्याने १ जानेवारी २०२४ पासून हे दर स्वीकारले. संसदीय स्थायी समितीने ६५व्या वर्षापासूनच ५ टक्के, ७०ला १०, ७५ला १५ अशी शिफारस केली होती, ती मान्य झाली नाही. कोषागारात जन्मतारीख नोंदलेली नसेल तर ही वाढ आपोआप लागत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्ध महिलांच्या बाबतीत हे फार घडतं. आधार किंवा पॅन जोडून अर्ज द्या.

३० जूनला निवृत्त झालो. १ जुलैची वेतनवाढ गेली का?

पेन्शनच्या हिशेबापुरती मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने ११ एप्रिल २०२३ रोजी, वर्षभर काम करून कमावलेली वाढ एका दिवसासाठी नाकारता येत नाही असा निकाल दिला, आणि महाराष्ट्रानेही २०२३ मध्येच ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांसाठी काल्पनिक वेतनवाढीचा जीआर काढला. ६० हजार मूळ वेतनावर वाढ सुमारे १,८००, म्हणजे पेन्शनमध्ये महिना साधारण ९०० रुपये. जुन्या कार्यालयाकडे अर्ज करून सुधारित प्रस्ताव महालेखापालांकडे पाठवायला सांगा. अर्ज कोषागारात देऊन उपयोग नाही, तिथे फक्त आलेला आदेश पाळतात.

प्रस्ताव पाठवला, तरी पेन्शन सुरू होत नाही. कुठे अडकतं?

बहुतेक वेळा महालेखापालांच्या कार्यालयाच्या आधीच. प्रस्ताव निवृत्तीच्या सहा महिने आधी जायला हवा: कोकण, पुणे, नाशिक विभागांचा मुंबईला, विदर्भ आणि मराठवाड्याचा नागपूरला. त्याआधी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडून तपासून यावं लागतं, आणि गाडी रुतते ती तिथे. नेहमीचे आक्षेप असे: पाचव्या किंवा सहाव्या आयोगाच्या वेतननिश्चितीचं विवरणपत्र चिकटवलेलं नाही, आश्वासित प्रगती योजनेचा आदेश नाही, एमएस-सीआयटी मुदतीनंतर उत्तीर्ण झाल्यामुळे मधल्या वेतनवाढी का दिल्या, मराठी-हिंदी भाषा परीक्षेच्या सुटीची नोंद नाही, असाधारण रजेच्या काळाचा उल्लेख अर्धवट.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सेवापुस्तक स्वतः पानन् पान पाहा. दरवर्षीच्या सेवा पडताळणीच्या नोंदीखाली सही आहे का, हे पहिलं. महिलांनी माहेरचं आणि सासरचं नाव सेवापुस्तक, आधार आणि बँकेत एकसारखं करून घ्यावं, त्यासाठी राजपत्राची प्रत लागते. सरकारी घरात राहत असाल तर ना-देय प्रमाणपत्राशिवाय उपदान सुटत नाही.

विभागीय चौकशी चालू असेल तर तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळतं, उपदान मात्र चौकशी संपेपर्यंत थांबतं. चौकशीशिवाय, निव्वळ कार्यालयाच्या दिरंगाईने उशीर झाला तर १९८२च्या नियमांतल्या १२९-अ खाली उपदानावर तीन महिन्यांनंतर आणि १२९-ब खाली पेन्शनवर सहा महिन्यांनंतर व्याज देय होतं. ते मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

उपदानाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख झाली. ३१ ऑगस्ट २०२४ पर्यंत निवृत्त झालेल्यांना ती लागू नाही. पुन्हा तारीख.

निवृत्तीच्या तोंडावर "जादा पगार दिला गेला" म्हणून वसुली काढली. काय करू?

पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या १८ डिसेंबर २०१४च्या निकालाचा आधार घ्या. गट क आणि ड कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, आणि पाच वर्षांहून जास्त काळ दिलेली जादा रक्कम, यांच्याकडून वसुली करता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. अट ही की चूक कार्यालयाची असावी, तुम्ही काही लपवलेलं नसावं. दोन खबरदाऱ्या घ्या. "जादा रक्कम आढळल्यास परत करीन" असं हमीपत्र वेतननिश्चितीच्या वेळी दिलं असेल तर कार्यालय तेच पुढे करतं. आणि वसुली थांबली तरी पुढची वेतननिश्चिती दुरुस्त होऊन पेन्शन कमी होऊ शकते, त्यापासून हा निकाल वाचवत नाही. संमतीपत्रावर घाईने सही करू नका. आधी लेखी आक्षेप द्या, पोच घ्या.

एसटी महामंडळातून निवृत्त झालो. हे सगळं मला लागू?

नाही. एसटी कर्मचारी कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये येतात. तिचं सूत्र पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवा भागिले ७०. वेतनाची कमाल मर्यादा १५,००० धरली तर ३५ वर्षांनाही ७,५०० च्या आसपास, आणि महागाई वाढ नाही. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये. ती वाढवणं केंद्राच्या हातात आहे, मंत्रालयावर मोर्चा नेऊन ते होणार नाही.

गोव्यात?

गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचे पेन्शन नियम लागू होतात, म्हणून वरचे महाराष्ट्राचे जीआर तिथे चालत नाहीत.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला, तरी डिसेंबरची पेन्शन आली नाही. असं का?

महाराष्ट्रात कोषागार बँकनिहाय याद्या पाठवतं आणि निवृत्तिधारकाने आपल्या नावासमोर सही करायची असते. शाखा बदललेली असेल तर नाव जुन्या शाखेच्या यादीत राहतं आणि नव्या शाखेत दिलेला कागद तिथेच पडून राहतो. जीवनप्रमाणवर डिजिटल दाखला काढताना पेन्शन मंजूर करणारं आणि वितरित करणारं कार्यालय चुकीचं निवडलं, किंवा पीपीओ क्रमांकात एक अंक चुकला, तरी मोबाइलवर "यशस्वी" असा संदेश येतो आणि कोषागारात मात्र काहीच पोहोचत नाही. डिजिटल दाखल्याचा प्रमाण क्रमांक लिहून ठेवा. बोटांचे ठसे उमटत नसतील तर चेहरा ओळखीची सोय वापरा, खिडकीसमोर तोंड करून आणि चष्मा काढून. थांबलेली पेन्शन बुडत नाही. दाखला कोषागारात पोहोचला की मागच्या रकमेसह सुरू होते.